चीक, सोऱ्या आणि चार हजार वर्षांचा वाडगा

परवा टीम लंचला गंगापूर रोडवरच्या एका पॅन-एशियन हॉटेलात गेलो होतो. मेनूकार्डावर आशियाचा नकाशा काढलेला होता, आणि प्रत्येक देशावर त्या देशाच्या नूडल्स. जपानवर रामेन, व्हिएतनामवर फो, थायलंडवर पॅड थाई, इंडोनेशियावर मी गोरेंग. भारताची जागा कोरी. टीममधला एकजण म्हणाला, "बरोबरच आहे की. आपल्याकडे नूडल्स कुठे होत्या? मॅगी आली तेव्हाच आल्या." मी पण मान डोलावली.

संध्याकाळी घरी आलो तर आईने कुरडईची भाजी केलेली. भिजवलेल्या कुरडया, कांदा, हिरवी मिरची, मोहरी-हळदीची फोडणी, वरून कोथिंबीर. लहानपणापासून शेकडो वेळा खाल्ली असेल, पण त्या दिवशी पहिला घास घेतला आणि थांबलो. अरे, या नूडल्सच आहेत की!

आई म्हणाली, "पोटभर खा. डबा संपत आलाय आणि यंदा काही माझ्याच्याने होणार नाही." तिचा खांदा गेलं वर्षभर दुखतोय. सोऱ्या दाबणं बंद. म्हणजे आमच्या घरातल्या कुरडया इथेच संपणार होत्या. मग दोन-तीन वीकेंड वाचण्यात घातले. हा लेख त्यातूनच.

सुरुवात चीनपासून. पिवळ्या नदीच्या वरच्या भागात, चिंगहाय प्रांतात लाजिया नावाचं एक प्राचीन गाव आहे. भूकंप आणि पुराने ते गाडलं गेलं. तिथल्या उत्खननात एक पालथा पडलेला मातीचा वाडगा मिळाला आणि त्याखाली बारीक पिवळसर नूडल्स, सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या. २००५ साली 'नेचर'मध्ये ही बातमी आली. गंमत म्हणजे त्या गव्हाच्या नव्हत्या, राळ्यासारख्या भरड धान्याच्या होत्या. त्यावर शंका निघाली. राळ्यात ग्लूटेन नसतं, मग पीठ ओढून एवढी लांब तार निघेलच कशी? २०१४ मध्ये त्याच संशोधकांनी उत्तर दिलं की ओढून नाही, साच्यातून दाबून निघते. म्हणजे आपला सोऱ्याच म्हणा ना!

इथे थोडं इंजिनिअरिंग. नूडल करायच्या ढोबळमानाने दोन पद्धती. एक, गव्हातल्या ग्लूटेनच्या जोरावर पीठ ओढायचं किंवा लाटून कापायचं. दोन, ग्लूटेन नसेल तर स्टार्च शिजवून चिकट करायचा आणि भोकांतून दाबायचा. आपल्याकडे दोन्ही आहेत. हाताच्या शेवया पहिल्या प्रकारातल्या. कोकणातले शिरवाळे दुसऱ्या प्रकारातले: तांदळाच्या पिठाचे गोळे उकडून साच्यातून दाबायचे आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे. तमिळ इडिअप्पम आणि मलेशियातलं पुटू मायम ही त्यांचीच भावंडं.

आणि कुरडई? ती तर भन्नाट आहे. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकलं की खाली पांढराशुभ्र गोळा. हा गव्हाचा स्टार्च. ग्लूटेन आणि कोंडा चोथ्यात जातो. म्हणजे गव्हात ग्लूटेन असूनही ते आपण मुद्दाम बाजूला काढतो! चीनच्या शान्शी प्रांतातल्या लिआंगपी नावाच्या पदार्थात हेच करतात. कणीक पाण्यात धुऊन स्टार्च वेगळा करतात, त्याच्या वाफवलेल्या पातळ चकत्यांच्या पट्ट्या कापतात आणि उरलेलं ग्लूटेनही वाफवून सोबत वाढतात. आपल्याकडेही काही घरांत चोथ्याच्या भुसवड्या घालतात. वाया काहीच जात नाही.

आता मार्को पोलो. त्याने चीनहून नूडल्स इटलीत नेल्या, हे आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. तो व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. पण जेनोआच्या एका कागदपत्रात १२७९ सालीच कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत मॅकरोनी आहे. त्याच्याही आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की सिसिलीत पालेर्मोजवळच्या त्राबियामध्ये 'इत्रिया' नावाच्या शेवया बनतात आणि जहाजं भरून बाहेर जातात. आणि त्याच्याही आधी, १०२५ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात चाउंडरायाने लिहिलेल्या 'लोकोपकार' या कन्नड ग्रंथात शेवया आणि त्या पाडायच्या साच्याचा उल्लेख आहे. या चालुक्यांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा बराच भाग होता. म्हणजे मॅगीच्या साधारण साडेनऊशे वर्षं आधी! (तो मेनूकार्डवाला कुठे भेटला तर त्याला सांगायचंय. :))

मग शोध कोणी लावला? माझ्या मते हा प्रश्नच फारसा कामाचा नाही. वाळवलेलं पीठ टिकतं आणि प्रवासात नेता येतं, हे अनेक ठिकाणच्या लोकांना कळलं, आणि काही गोष्टी एकमेकांकडून घेतल्याही गेल्या. फालुदा इराणच्या फालुदेहकडून आला. शीरखुर्म्याचं नावच फारसी: शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. ईदला आपल्या मालेगावात घराघरात होणाऱ्या शीरखुर्म्यातली शेवई आणि आमच्या घरची खिरीतली शेवई एकाच गव्हाची.

गव्हावरून आठवलं. इटलीत १९६७ च्या कायद्याप्रमाणे सुका पास्ता डुरम गव्हाच्या रव्याचाच करावा लागतो. डुरम म्हणजे आपला बन्सी. आमचं आजोळ निफाड तालुक्यातलं, आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्राने काढलेल्या 'पंचवटी' आणि 'गोदावरी' या दोन जाती बन्सीच्याच. म्हणजे पास्त्याचा गहू, आणि नावं आमच्या नाशकातली! पास्त्याचे आकार म्हणाल तर रुखवतातलं वळवट आठवा: गव्हले, नखुले, मालत्या, बोटवी. इटलीत ओर्झो नावाचा पास्ता आहे, त्याचा अर्थ जव, कारण तो जवाच्या दाण्यासारखा दिसतो. आपले गव्हले गव्हाच्या दाण्यासारखे. फरक इतकाच की त्यांचा मशीनवर होतो आणि आपले बायका चिमटीत एकेक दाणा वळून करत होत्या.

आणि इथे माझी गाडी अडली.

१९५८ मध्ये मोमोफुकु आंदो यांनी जपानच्या इकेदा गावात घरामागच्या शेडमध्ये इन्स्टंट रामेन बनवलं. युक्ती अशी की नूडल आधी वाफवून शिजवायची, मग तळून तिच्यातलं पाणी काढायचं. नंतर गरम पाण्यात दोन-तीन मिनिटांत तयार. आता कुरडई बघा. आधी शिजवायची, मग उन्हात वाळवायची, नंतर गरम पाण्यात भिजवली की तयार. तत्त्व तेच, फक्त तळणीच्या जागी चैत्र-वैशाखाचं ऊन. आंदोंच्या नावाने जपानमध्ये दोन म्युझियम आहेत. कुरडई पहिल्यांदा कोणी केली, तिचं नाव कुणालाच माहीत नाही.

मी आजीला विचारलं, "आजी, तुला कोणी शिकवलं गं?" तर म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? पहाटे चारला उठवायचे, चीक घोटायला बसवायचे. न उठून सांगते कुणाला?" पुढे म्हणाली, "गल्लीतल्या सगळ्या मिळून करायचो. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. एकटीचं कामच नाही हे." माझ्या आठवणीत वाळवण म्हणजे गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलणं आणि गरम चिकावर तूप-साखर. तिच्या आठवणीत पहाटेचे चार आणि भरून आलेले दंड. पदार्थ एकच, इतिहास दोन. "हल्लीच्या बायका काही करत नाहीत" म्हणणारे काका लोक सगळे माझ्याच बाजूचे, म्हणजे कावळे हाकलणारे!

असो. एप्रिलमधल्या एका शनिवारी मी एक किलो गहू भिजवला. मंगळवारी चीक काढला आणि बुधवारी सुट्टी टाकली (मॅनेजरला कारण सांगितलं नाही). आजी खुर्चीत बसून सूचना देत होती: जेवढा चीक तेवढंच पाणी, मीठ, आणि हात थांबवायचा नाही. मध्येच ऑफिसचा फोन आला. एक मिनिट थांबलो आणि पातेलंभर गाठी. फोडायचा प्रयत्न केला, पण गाठी काही मोडेनात. आजी हसली नाही. म्हणाली, "चुलीपुढे फोन घेणाऱ्याचं असंच होतं. परत भिजव."

परत भिजवला. पुढच्या वेळी फोन बंद, आई पाणी ओतणार, मी घोटणार, बाबांच्या हातात सोऱ्या. साठ वर्षांत बाबांनी पहिल्यांदाच सोऱ्या धरला होता. गरम चीक दाबताना पाच मिनिटांत त्यांचा दंड भरून आला. आईकडे बघून म्हणाले, "तू दरवर्षी पाच किलोचं करायचीस?" आई काहीच बोलली नाही. कुरडया कशातरी वाकड्यातिकड्या आल्या, तीन दिवस गॅलरीत वाळल्या आणि एक किलो गव्हाच्या मोजून अठ्ठावीस भरल्या.

गेल्या रविवारी त्यातल्या चार भिजवून भाजी केली. आजीने चव घेतली, म्हणाली, "मीठ कमी पडलंय." मग वाटीत आणखी थोडी घेतली.

पुढच्या वर्षी दोन किलो भिजवायचं ठरलंय. शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंनी विचारलंय, आमचापण गहू त्यातच घालाल का? मी म्हटलं, घालू, पण काकांना पहाटे पाठवा. सोऱ्या दाबायला माणूस लागतं.