पवनचक्की, मास्तर आणि सरकार

‘अपारंपरिक ऊर्जास्रोत’ हा पाठ शिकवताना आपण फळ्यावर सूर्य, वारा, भरती-ओहोटी, बायोगॅस अशी यादी लिहितो. त्यावर एखादा विद्यार्थी विचारतो, की वारा तर फुकट आहे, पवनचक्कीही शेकडो वर्षे जुनी आहे, मग माणसाने कोळसा कशाला जाळला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर पदार्थविज्ञानापेक्षा इतिहासात अधिक सापडते. यंत्र तयार असणे आणि देशाने ते वापरणे या दोन गोष्टींमध्ये सरकारच्या निर्णयांची एक लांबलचक साखळी असते. ही साखळी स्पष्ट दिसावी असा देश म्हणजे डेन्मार्क. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम एक सप्तमांश आणि लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास, एवढाच हा देश.

आस्कोवचे मास्तर

या कथेची सुरुवात एका शिक्षकापासून होते. पाउल ला कूर (१८४६-१९०८) हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. १८७८ साली ते आस्कोव या गावच्या लोकशाळेत शिकवू लागले. शहरांत वीज येऊ लागली होती, खेडी मात्र अंधारातच होती. खेड्यांना वीज मिळावी म्हणून ला कूर यांनी १८९१ साली सरकारी अनुदानातून शाळेच्या आवारात प्रयोगासाठी पवनचक्की उभारली.

वारा पडला की वीज बंद, ही अडचण त्यांनाही होतीच. त्यांनी पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन केले, मिळालेला हायड्रोजन टाकीत साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे पेटवले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला गेला की स्फोट होई आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागत! पुढे वातबोगद्यात प्रयोग करून त्यांनी दाखवले, की वीजनिर्मितीसाठी पुष्कळ पाती असलेल्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची वेगाने फिरणारी चक्की अधिक चांगली. खेड्यांत काम करणारे वीजतंत्रज्ञ तयार व्हावेत म्हणून त्यांनी अभ्यासक्रमही चालवला.

स्वस्त तेलाचे दिवस

या अभ्यासक्रमाचा एक विद्यार्थी म्हणजे योहानेस यूल. त्यांनी १९५७ साली गेडसर येथे २०० किलोवॅटची, तीन पात्यांची पवनचक्की उभारली. तिची रचना साधी होती. पाती एका ठरावीक कोनात पक्की बसवलेली. वारा फार वाढला की पात्यांवरचा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि पाती जास्तीची ऊर्जा घेईनाशी होतात. तरीही चक्की बेफाम झालीच, तर पात्यांची टोके वळून तिला रोखत. ही चक्की सुमारे दहा वर्षे चालली आणि १९६७ साली थांबवण्यात आली. कारण तांत्रिक नव्हते. आयात केलेल्या तेलावरची वीज स्वस्त पडत होती, इतकेच.

म्हणजे १९६७ सालीच चालते यंत्र हाताशी होते. नव्हते ते धोरण.

१९७३ चा धक्का

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला. त्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जेची गरज आयात तेलावर भागत होती. रविवारी मोटारी चालवण्यास बंदी आली. आता सरकारने लगेच पवनचक्क्या उभारल्या असतील असे वाटते ना? तसे झाले नाही. वीज कंपन्यांनी तेल सोडून कोळसा धरला. १९७६ च्या राष्ट्रीय ऊर्जा आराखड्यात अणुविजेचाही विचार होता. हवामानबदल हा शब्द तेव्हा धोरणकर्त्यांच्या तोंडी नव्हता. चिंता होती ती तेलाची आणि परकीय चलनाची.

वाऱ्याकडे आधी वळले ते सुतार, लोहार, शेतकरी आणि शिक्षक. ट्विंड येथील शाळांच्या शिक्षकांनी व त्यांच्या सोबत्यांनी १९७५ ते १९७८ या काळात त्या वेळच्या जगातील सर्वांत मोठ्या पवनचक्क्यांपैकी एक स्वतः बांधली. अणुविजेविरुद्ध लोकमत तापत गेले आणि १९८५ साली संसदेने अणुवीज आराखड्यातून वगळली.

पैसे, पण परीक्षेनंतर

१९७९ साली सरकारने पवनचक्कीच्या किमतीच्या ३० टक्के अनुदान देऊ केले. त्यासोबत एक अट होती. रिसो येथील चाचणी केंद्राने मान्य केलेल्या नमुन्यालाच अनुदान मिळेल! रिसो ही मुळात अणुसंशोधनाची प्रयोगशाळा. तिथेच १९७८ साली पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र सुरू झाले होते. गावातल्या कारखान्यात बनलेली चक्की या परीक्षेत उतरल्याशिवाय बाजारात टिकेना, आणि त्यामुळे दर्जा सुधारत गेला. यूल यांची तीन पात्यांची रचनाच या चक्क्यांचा पाया ठरली. तंत्र सुधारले तसे अनुदान कमी होत गेले आणि १९८९ साली ते बंद झाले.

मालकीचा प्रश्नही महत्त्वाचा होता. अनेक पवनचक्क्या आसपासच्या कुटुंबांनी सहकारी गट करून, भाग विकत घेऊन उभारल्या. सहकारी साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या वाचकांना याचे मर्म सांगायला नको. चक्कीचा आवाज ज्याला ऐकू येतो, त्याला तिचे उत्पन्नही मिळत होते.

१९९० च्या आराखड्यात कार्बन डायऑक्साइड कमी करण्याचे लक्ष्य आले आणि १९९२ साली या वायूवर कर बसला. १९९१ साली विंडेबी येथे जगातील पहिला समुद्रातील पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला. प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या ११ चक्क्या, म्हणजे एकूण ४.९५ मेगावॅट. आजची समुद्रातील एकच चक्की सुमारे १५ मेगावॅटची असते. विंडेबीची चक्क्यांची रांग काम पुरे करून २०१७ साली उतरवण्यात आली.

धरसोड आणि कायदा

ही वाट सरळ नव्हती. २००१ साली सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने पवनऊर्जेचा आधार कमी केला. २००३ अखेर देशाची पवनविजेची क्षमता सुमारे ३,१०० मेगावॅट होती. २००८ अखेरही ती जवळपास तितकीच राहिली. वारा तोच, यंत्रेही पूर्वीपेक्षा चांगली, बदलले होते ते धोरण. पुढे पुन्हा गती आली. २०२० साली संसदेने हवामान कायदा केला. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ७० टक्क्यांनी कमी करणे त्याने सरकारला बंधनकारक केले. अलीकडच्या वर्षांत तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. नॉर्वे व स्वीडनच्या जलविद्युत केंद्रांशी तारांनी जोडलेले असल्यामुळे वारा पडला की तिकडची वीज घेता येते. तरीही काम संपलेले नाही. गाईगुरे व डुकरे यांच्यापासून निघणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर लावण्याचे २०२४ साली ठरले. शेतकऱ्यांना दुखावणारा हा निर्णय विजेपेक्षा अवघड आहे.

आपल्याकडे

डॅनिश पवनचक्क्या भारतात फार लवकर आल्या. १९८६ च्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटच्या चक्क्या लागल्या. १९९० च्या दशकात आपल्या सरकारने उद्योगांना प्राप्तिकरात मोठी सवलत दिली आणि चक्क्यांची संख्या झपाट्याने वाढली. पण सवलत गुंतवणुकीवर होती, वीज किती निर्माण झाली यावर नव्हती. त्यामुळे काही चक्क्या विजेपेक्षा करबचतीसाठीच उभ्या राहिल्या. निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे प्रोत्साहन देण्याची योजना २००९ साली आली. पैसा कशासाठी द्यायचा हा प्रश्न पैसा किती द्यायचा याइतकाच महत्त्वाचा आहे, हे दोन्ही देशांच्या अनुभवावरून दिसते.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मग ताशी २० किलोमीटरच्या ठिकाणाऐवजी ताशी २५ किलोमीटरच्या ठिकाणी चक्की उभारली, तर शक्ती किती पटीने वाढेल? आणि दुसरा. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, पायथ्याशी कोयनेचा जलाशय आहे. आपल्याकडे वारा सर्वांत जोरात वाहतो तो पावसाळ्यात. नॉर्वेचे पाणी डेन्मार्कच्या वाऱ्याला जी साथ देते, ती कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या वाऱ्याला देऊ शकेल का? त्यासाठी कोणकोणते निर्णय, कोणी घ्यावे लागतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या वहीत मिळेल. दुसऱ्यावर वर्गात चर्चा व्हावी.