उशाशी ठेवलेला गोळ्यांचा डबा: एक छोटा इतिहास

१/ घरी शुश्रूषा घेणाऱ्या वृद्धाच्या उशाशी आज गोळ्यांचा डबा असतो. रक्तदाबाची गोळी एका डॉक्टरांची, झोपेची दुसऱ्यांची, सांधेदुखीची तिसऱ्यांची. पण या साऱ्या गोळ्या एकत्र पाहतो कोण? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

२/ साल १८५९. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीचे निधन झाले. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन यांना त्यांनी शहरातील गरीब रुग्णांच्या घरी धाडले. तिथली दैना पाहून त्या महिन्याभरातच खचल्या. तरीही काम सोडले नाही. ब्रिटनमधील संघटित गृहशुश्रूषेचा आरंभ येथून मानतात.

३/ तेव्हा औषधे मोजकी होती, पण निरुपद्रवी नव्हती. लॉडेनम, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, किराणा दुकानातही मिळे. १८६८च्या फार्मसी कायद्याने तिच्या विक्रीवर बंधने आली.

४/ विसाव्या शतकात औषधांचा पूर आला. १९६३ मध्ये डायझेपाम अमेरिकी बाजारात आले. वयानुसार शरीरातील चरबीचे प्रमाण वाढते आणि चरबीत विरघळणारे हे औषध अधिक काळ रेंगाळते. तरुणाला रात्रभर झोप देणारी मात्रा वृद्धाला दुसऱ्या दिवशीही गुंगीत ठेवू शकते. मग तोल जातो, खुब्याचे हाड मोडते.

५/ १९९१ मध्ये अमेरिकी वैद्य मार्क बिअर्स यांनी १३ तज्ज्ञांच्या मतांवरून वृद्धांनी शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी सिद्ध केली. मात्र ती शुश्रूषागृहांतील वृद्धांपुरतीच होती. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांचे काय? १९९७च्या सुधारित यादीत ६५ वर्षांवरील सर्वांचाच विचार झाला.

६/ ही यादी म्हणजे बंदीहुकूम नव्हे. ती वैद्यांना सावध करते. ती वाचून घरच्यांनी परस्पर गोळ्या थांबवू नयेत. दीर्घकाळ घेतलेले डायझेपाम एकाएकी सोडल्यास झटकेही येऊ शकतात.

७/ मेरी रॉबिन्सन यांच्या हाती अशी यादी नव्हती, पण त्यांनी रुग्णाचा उंबरठा ओलांडला होता. चिठ्ठीवर लिहिलेले औषध आणि प्रत्यक्ष पोटात जाणारे औषध यांतील अंतर घरातच दिसते. आज घरी गेलात की आजी-आजोबांचा डबा उघडा, सर्व औषधे एका कागदावर उतरवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.