पाणचक्कीचा हौद आणि काचेची टाकी

आमच्या शहरातल्या प्रत्येक मुलाने आयुष्यात पहिला मासा पाहिला तो बहुधा पाणचक्कीच्या हौदात. मीही तिथेच पाहिला. अब्बांचे बोट धरून गेलो होतो. हौदाच्या काठावर बसून लोक माशांना काहीबाही टाकत होते आणि मासे एकमेकांवर चढून तोंडे वर काढत होते. अब्बा म्हणाले, "या हौदाच्या खाली दालन आहे. आपण ज्याला तळ म्हणतो, ते खालच्या माणसाचे छत आहे." मला मासे विसरायला झाले नाहीत आणि ते वाक्यही.

मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली तेव्हा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. त्याने डोंगरातले झरे आणि जमिनीखालचे पाणी नहरीतून शहरात आणले. पंप नाही, इंजिन नाही, फक्त उतार आणि हिशेब. हीच विद्या पुढे 18 व्या शतकात पाणचक्कीला कामी आली. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानहून दख्खनमध्ये आलेल्या बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींच्या तकियात डोंगराचे पाणी आले, त्यावर जाते फिरले, मुरीद आणि मुसाफिरांसाठी पीठ दळले गेले आणि उरलेले पाणी हौदात साठले. त्या हौदातले मासे शोभेचे होते, पण त्यांच्यासाठी वेगळे पाणी कुणाला भरावे लागले नाही. ते वाहत्या पाण्याचे पाहुणे होते.

हे सगळे आठवण्याचे कारण माझा भाचा. दहावी झाल्यावर त्याने घरात माशांची टाकी ठेवण्याचा हट्ट धरला आणि मला दुकानात नेले. तिथे एका रंगीत माशाकडे बोट करून त्याने विचारले, "मामू, ये सब के साथ रहती क्या?"

प्रश्न साधा होता, पण मी सावध झालो. कारण पंचवीस वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न एका दुकानदाराला विचारला होता. त्याने "हो, सगळ्यांबरोबर राहतो" म्हणून बोटाएवढे काळे-नारिंगी पिल्लू पिशवीत घालून दिले. ते ऑस्करचे पिल्लू होते. काही महिन्यांत ते तळहाताएवढे झाले आणि टाकीतले सगळे गप्पी त्याच्या पोटात गेले. दोष माशाचा नव्हता. तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा शिकारी, फूटभर वाढणारा. मी त्याला गप्पींच्या मोहल्ल्यात आणून सोडले होते.

ऑस्कर ज्या कुळातला, त्याला सिक्लिड म्हणतात. हजाराहून जास्त जातींचे हे कुळ मुख्यतः आफ्रिका आणि अमेरिकेतले. त्यांची ख्याती भांडखोर म्हणून आहे. पण त्या भांडणाचे कारण पाहिले तर राग उतरतो. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. सिक्लिड अंडी आणि पिल्ले राखतात. राखायची म्हणजे जागा लागते, आणि जागा म्हटली की हद्द आली. ज्याला आपण दादागिरी म्हणतो, ती बरेचदा आईबापांची पहारेदारी असते.

फार थोड्यांना माहीत असते की भारताचेही स्वतःचे सिक्लिड आहेत. एक म्हणजे गोव्याचा कालुंदर, केरळचा करीमीन. बर्लिनचा वैद्य मार्कुस ब्लॉख याने 1790 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. तो स्वतः कधी भारतात आला नाही. त्याने माशाच्या नावात सुरत घातले, आणि खाऱ्या-गोड्या पाण्याचा हा दक्षिणेचा मासा कायमचा 'सुरतकर' झाला. दुसरा त्याचा छोटा भाऊबंद, नारिंगी क्रोमाइड. त्याचे वर्णनही ब्लॉखनेच 1795 मध्ये केले. बोटभर लांबीचा, पिवळा-नारिंगी, अंगावर बारीक ठिपके. या दोघांचे जवळचे नातलग मादागास्करात आहेत. माणसांच्या नकाशात हिंदी महासागर मध्ये येतो, पण माशांच्या वंशावळीत ते एकच घराणे.

या दोन भावांचे शेजारपण मला फार बोलके वाटते. एकाच खाडीत दोघे राहतात. लहान नारिंगी मासा मोठ्या कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला साफ करतो. आणि संधी मिळाली की हाच साफ करणारा कालुंदराची अंडी आणि पिल्लेही खातो. अभ्यासकांनी 1970 च्या दशकात दोन्ही गोष्टी नोंदवल्या. दोन्ही खऱ्या आहेत. शेजारी म्हणजे फरिश्ता नव्हे आणि दुश्मनही नव्हे. पहारा ठेवून आणि उपयोग करून घेऊन ते पिढ्यान्पिढ्या एकत्र नांदले.

तिसरा सिक्लिड मात्र बाहेरून आला, आणि त्याला आणणारे आपणच. 1952 मध्ये मोझांबिकचा तिलापिया सिलोनमार्गे भारतात आणला गेला. देश नुकताच स्वतंत्र झालेला, अन्नाची टंचाई, आणि हा मासा काहीही खाऊन कुठेही वाढणारा. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, दोन-तीन महिन्यांत पुढची पिढी तयार. तळी भरली, पण मासे खुजे राहू लागले आणि देशी माशांना जागा उरेना. 1959 मध्ये मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसाराला मनाई केली. तोवर उशीर झाला होता. आज उजनीच्या काठी 'चिलापी' म्हणून तो पाटीच्या पाटी विकला जातो, मासेमारांची चूल त्यावर पेटते, आणि जुने मच्छीमार हरवलेल्या माशांची नावेही घेतात. उपरा म्हणून त्याला शिव्या देणे सोपे आहे. पण तो स्वतःहून आला नव्हता. आणणाऱ्यांनी त्याचा स्वभाव आधी विचारला नाही, एवढेच.

म्हणून दुकानात उभे राहून मी भाच्याला सांगितले, की मासा शांत आहे का, हा अर्धा प्रश्न झाला. किती मोठा होणार, काय खाणार, कसले पाणी मागणार आणि जोडी जमली की किती जागा अडवणार, हे चार प्रश्न मिळून पूर्ण होतो.

एंजल मासा सगळ्यांना आवडतो. ॲमेझॉनचा हा सिक्लिड विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पोहोचला आणि तिथून जगभर. स्वभाव बराच शांत, पण त्याला उंच टाकी लागते, निदान दीड फूट. आणि मोठा झाला की निऑन टेट्रासारखे काडीएवढे मासे तो गिळतो. रॅम हा जेमतेम दोन-अडीच इंचांचा, दिसायला देखणा, 1948 मध्ये वर्णन झालेला. तो सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. पण त्याला मऊ, उबदार आणि अगदी स्वच्छ पाणी हवे. आमच्या भागात काळ्या बसाल्टातून येणारे बोअरचे पाणी जड. रॅम त्यात झुरतो. पश्चिम आफ्रिकेचा क्रिबेन्सिस जास्त सोसणारा. त्याला फुटक्या कुंडीची एक गुहा दिली की तो खूश असतो. फक्त पिल्ले झाली की टाकीचा तो कोपरा त्याचा. आणि आपला नारिंगी क्रोमाइड जड पाण्यात मजेत राहतो, पाच-सहांच्या गटात ठेवला तर भांडणही वाटले जाते. त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून वाढतात; ते पाहायला मिळणे हेच टाकीचे भाग्य.

फ्लॉवरहॉर्नपुढे भाचा बराच वेळ उभा होता. कपाळावर टेंगूळ असलेला हा मासा कुठल्याही नदीतला नाही. 1990 च्या दशकात मलेशियात संकरातून घडवलेला. तो बरकत आणतो म्हणून विकतात. मी म्हटले, बरकत देणारा वेगळा आहे. हा फक्त शेजाऱ्याला मारतो आणि एकटा राहतो.

घरी आलो तर अम्मीने खरा प्रश्न विचारला. "नळाला किती दिवसांनी पाणी येतं? माणसांना नाही, अन् माशांना कुठून?" शंभर लिटरच्या टाकीतले निदान वीस लिटर पाणी दर आठवड्याला बदलावे लागते. जायकवाडीसारखे धरण जवळ असूनही ज्या शहरात लोक पाण्याचा वार मोजतात, तिथे हा प्रश्न झटकता येत नाही. शिवाय जीव पाळण्याची आपल्याकडे अट आहे. प्रेषितांनी लहानग्या अबू उमैरला त्याच्या पाखराबद्दल आपुलकीने विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. त्यावरून उलेमांनी पाखरू पाळायला मुभा काढली. पण मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. मुभा आणि जबाबदारी एकाच दारातून येतात.

शेवटी तोडगा निघाला. नळाचे पाणी दोन दिवस बादलीत ठेवून क्लोरीन उडू द्यायचे, आणि टाकीतून काढलेले पाणी मोरीत न ओतता अम्मीच्या मोगऱ्याला आणि मेंदीला घालायचे. माशांच्या विष्ठेचे खत त्यात असतेच. अम्मीची एकच अट होती: मोगरा सुकला तर मासे परत.

माझीही एक अट होती. कंटाळा आला म्हणून मासा सलीम अली सरोवरात सोडायचा नाही. त्या तलावाला पूर्वी खिज्री तलाव म्हणत. पाण्याचे राखणदार मानल्या गेलेल्या खिज्र अलैहिस्सलाम यांची आठवण त्या नावात आहे. दक्षिण अमेरिकेचा काटेरी सकर मासा हौशी लोकांच्या टाक्यांतूनच देशभरच्या तलावांत पसरला आणि आज मासेमारांची जाळी फाडतो. पुण्य समजून केलेली सुटका दुसऱ्याच्या ताटातला घास काढून घेऊ शकते.

आता टाकीत सहा नारिंगी क्रोमाइड आहेत. त्यातल्या दोघांनी कोपऱ्यातला दगड धरला आहे, बाकीचे चार दुसऱ्या बाजूला असतात. भाच्याने मध्ये आणखी एक दगड उभा करून दोघांची नजर अडवली, तेव्हापासून पाठलाग कमी झाला. मोगऱ्याला यंदा कळ्या जास्त आहेत. अम्मी ते मान्य करत नाही, पण पाणी बदलायचा दिवस तिच्याच लक्षात असतो.