किशोरवयीनांसाठी नागरी सेवा : मुंबई उपनगरे

साधारणपणे तेरा ते एकोणीस या वयाच्या मुलामुलींसाठी महानगरपालिकेने चालवलेली किंवा तिच्या मदतीने चालणारी खेळ, अभ्यास, आरोग्य, कला, समुपदेशन आणि कामधंद्याच्या मार्गदर्शनाची व्यवस्था. जी मुले आपणहून दारात येत नाहीत त्यांच्यापर्यंत वस्तीत, नाक्यावर, कामाच्या जागी जाऊन पोहोचणे हाही या व्यवस्थेचाच भाग होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत तिचे बहुतेक घटक अस्तित्वात आहेत. मात्र ते शिक्षण, आरोग्य, उद्यान, नियोजन अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेले आहेत आणि ते एकत्र बांधणारे खाते वा आराखडा महापालिकेत रुजलेला नाही.

कार्यक्षेत्र. अंधेरी-जोगेश्वरी आणि पूर्वेकडे भांडुपपर्यंतचा पट्टा १९५० मध्ये, तर बोरिवली-दहिसर आणि मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला. कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली हे त्याचे तीन तालुके. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. येथे दोन यंत्रणा शेजारी-शेजारी काम करतात. महापालिकेचा कारभार वॉर्ड ऑफिसांतून चालतो : अंधेरी पूर्वेला के पूर्व, पश्चिमेला के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी आणि घाटकोपरला एन. राज्य शासनाचा कारभार वांद्रे पूर्वेचे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा नियोजन समिती आणि जिल्हा क्रीडा अधिकारी यांच्याकडे असतो. मैदान महापालिकेचे, व्यायामशाळेचे अनुदान जिल्ह्याचे, शिबिराचा खर्च आमदार किंवा नगरसेवक निधीतला, असे दृश्य त्यामुळे सर्रास दिसते.

कायद्यातील स्थान. महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात तिची कामे बंधनकारक आणि स्वेच्छाधीन अशी विभागली आहेत. प्राथमिक शिक्षण बंधनकारक आहे. उद्याने आणि क्रीडांगणे स्वेच्छाधीन कामांत येतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी संस्थांसाठी बारावी अनुसूची जोडली. तिच्या १८ विषयांत उद्याने, बागा, क्रीडांगणे आहेत. सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींना चालना देणेही आहे. युवक कल्याणाचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वयापुरती, म्हणजे आठवीपर्यंत आहे. राष्ट्रीय युवा धोरण (२०१४) आणि केंद्राचे ‘मेरा युवा भारत’ (२०२३) यांची सुरुवात पंधराव्या वर्षापासून होते. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदाच्या आतील मुलांना कामावर ठेवण्यास, घरच्या धंद्यासारखे काही अपवाद सोडून, बंदी केली. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोक्याच्या कामांतून वगळले.

या सगळ्या तरतुदी एकत्र वाचल्या की मुख्य अडचण कळते. चौदा वर्षे पूर्ण होताच मूल महापालिकेच्या बंधनकारक जबाबदारीतून सुटते. त्याच सुमारास त्याला काम करण्याची कायदेशीर मुभा मिळते आणि शाळा सोडण्याचा धोकाही याच वयात वाढतो. हात सर्वांत घट्ट धरायचा त्या वेळीच तो सुटतो.

शिक्षण आणि अभ्यासिका. पालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने तिच्या माध्यमिक शाळा बऱ्याच कमी आहेत, त्यामुळे आठवीनंतर अनेकांना शाळा बदलावी लागते. पालिकेच्या शाळा अधिक आकर्षक करण्याचे काही प्रयत्न झाले. २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्यात आले. २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनम नगर येथे पालिकेची सीबीएसई शाळा सुरू झाली. दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी मुंबईत रात्रशाळांची जुनी परंपरा आहे, आणि ‘मासूम’ ही संस्था या शाळांना पुस्तके, प्रयोगशाळा आणि खाऊ पुरवते.

शाळेबाहेर या वयाला सर्वांत जवळची सेवा म्हणजे अभ्यासिका. दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, टीव्ही चालू असतो, पाण्याची वेळ ठरलेली असते. अशा घरातल्या दहावीच्या मुलाला शांत टेबल आणि ट्यूबलाइट एवढेही पुष्कळ असते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर, कामराज नगर यांसारख्या दाट वस्त्यांत या सोयीचे मोल विशेष आहे. अशा अभ्यासिका समाजमंदिरात, पालिकेच्या कल्याण केंद्रात किंवा मंडळाच्या खोलीत भरतात. त्यांच्या अडचणीही ठरलेल्या : स्पर्धा परीक्षांचे मोठे विद्यार्थी सकाळीच खुर्च्या धरतात, मुलींसाठी वेगळी रांग वा स्वच्छतागृह नसते, आणि किल्ली एका कार्यकर्त्याच्या खिशात असल्याने तो गावी गेला की कुलूप लागते. खोली पालिकेची असली तरी ती उघडी ठेवणारा पगारी माणूस पालिकेचा नसतो.

मैदाने आणि संकुले. अंधेरी पश्चिमेचे शहाजीराजे क्रीडा संकुल १९८८ मध्ये उभे राहिले. त्यातील फुटबॉल मैदानावर मुंबई सिटी या व्यावसायिक संघाचे सामने होतात, आणि गोरेगावच्या प्रबोधन संस्थेचा आंतरशालेय क्रीडा महोत्सवही या संकुलात भरतो. मुलुंड पश्चिमेला प्रियदर्शिनी क्रीडासंकुल व महाकवी कालिदास नाट्यमंदिर एकाच आवारात आहेत. अंधेरी व मुलुंडची ही संकुले पालिकेच्या बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानकडे आहेत. बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर भारतीय खेळ प्राधिकरणाचे केंद्र आहे. उपनगरांत वास्तूंची वानवा आहे असे म्हणता येत नाही.

खरा प्रश्न वेळेचा आहे. एखाद्या पालिका मैदानाचा दिवस पाहिला की तो उमगतो. पहाटे चालणारी ज्येष्ठ मंडळी येतात, सकाळी क्रिकेटचे कोचिंग, दुपारी कुलूप, संध्याकाळी मोठ्या मुलांचे टेनिस-बॉल सामने. गणपती-नवरात्रात मंडप, मे महिन्यात लग्ने. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला या दिवसात तिची म्हणून अशी वेळच नसते. पैसे मोजू शकणारी मुले तासावर मिळणाऱ्या टर्फकडे वळली, उरलेली गल्लीत खेळतात. मैदाने खासगी संस्थांना दत्तक देण्याच्या पालिकेच्या धोरणाला जानेवारी २०१६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली, तेव्हा सार्वजनिक मैदान कोणासाठी यावर शहरभर चर्चा झाली. तीत किशोरवयीनांच्या वेळापत्रकाचा प्रश्न मागेच राहिला.

आरोग्य आणि मन. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला; तो १० ते १९ वयोगटासाठी असून पोषण, लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा आणि असंसर्गजन्य आजार हे त्याचे विषय आहेत. त्यातील किशोरस्नेही दवाखाने महाराष्ट्रात ‘मैत्री’ नावाने ओळखले जातात. राजावाडी, कूपर, भगवती, मुलुंडचे अग्रवाल ही पालिकेची रुग्णालये उपनगरांचा कणा आहेत, पण त्यांची बाह्यरुग्ण सेवा मुख्यतः सकाळी, म्हणजे शाळा-कॉलेजच्या वेळेत चालते. नोव्हेंबर २०२२ पासूनच्या ‘आपला दवाखाना’ योजनेतील काही केंद्रे दुपारी तीन ते रात्री दहा उघडी राहतात. मुलांना जमेल अशी हीच वेळ आहे. तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ प्रशिक्षित समुपदेशक बसवणे हा नव्या इमारतीशिवाय होणारा बदल आहे.

फोनवरची मदत या शहराने आधीच उभी केली. १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली व नंतर देशभर पोहोचली. त्याच संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा २०१२ पासून, तर केंद्राची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून चालू आहे.

मुली. अंगणवाडीमार्फत चालणारी किशोरी योजना २०२२ नंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलींसाठी ईशान्येकडील राज्ये आणि देशातील आकांक्षित जिल्हे यांपुरती राहिली. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव हे ते जिल्हे. मुंबई उपनगर त्यांत नाही. म्हणून येथील झोपडपट्टीतील शाळा सुटलेल्या मुलीचा भार प्रत्यक्षात महापालिका आणि स्वयंसेवी संस्थांवरच येतो. मुंबईच्या सार्वजनिक जागेतील स्त्रियांच्या वावरावर शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिले. कामाशिवाय बाहेर थांबण्याचा हक्क हा त्याचा गाभा आहे, आणि किशोरी सेवांचा प्रश्न तेथेच येऊन भिडतो. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात महिला संघटनांच्या पाठपुराव्यामुळे कौशल्य विकासासह महिलांच्या ‘आधार केंद्रां’साठी जागांची आरक्षणे आली. ही आरक्षणे ताब्यात घेऊन बांधणे आणि त्यांत किशोरींची वेळ राखणे हे काम पुढचे आहे.

मंडळे आणि संस्था. मुलांपर्यंत पोहोचण्याचे काम येथे पालिकेच्या आधीपासून समाजाने केले. विलेपार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. गोरेगावातील प्रबोधन १९७२ ची आणि केशव गोरे स्मारक ट्रस्ट मृणाल गोरे यांच्या प्रेरणेतून उभा राहिलेला. वस्त्यांत ‘युवा’ (१९८४), ‘कोरो’ (१९८९), ‘स्नेहा’ (१९९९) या संस्थांनी मुलांचे गट बांधले. ‘मॅजिक बस’ने (१९९९) खेळाला जीवनकौशल्याची जोड दिली, तर ‘पुकार’च्या युवा फेलोशिपने (२००५) तरुणांना आपल्याच वस्तीचा अभ्यास करायला शिकवले.

मुलांवर सर्वांत मोठी पकड मात्र गणेशोत्सव मंडळे आणि गोविंदा पथकांची आहे. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये नऊ थर लावून जागतिक विक्रम नोंदवला. अशा पथकात शिस्त, महिनोन्महिने सराव, मोठ्यांचा धाक आणि आपलेपण हे सारे मुलाला मिळते. धोकाही तेवढाच खरा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अठराखालील गोविंदांना मनाई केली आणि २०१७ मध्ये शासनाच्या निवेदनानंतर वयोमर्यादा चौदावर आली. सेवांची आखणी करताना या मंडळांना वगळणे परवडणारे नाही. सुरक्षिततेची अट घालून त्यांना बरोबर घेणेच इष्ट.

अन्यत्र. जर्मनीत १९२२ च्या कायद्याने स्थानिक युवक कार्यालय अनिवार्य केले. इंग्लंडमध्ये १९६० च्या आल्बेमार्ल अहवालानंतर युवक केंद्रे आणि प्रशिक्षित युवक कार्यकर्ते यांवर मोठा खर्च झाला. आइसलँडमधील रेक्याविक शहर सहा ते अठरा वयाच्या मुलांच्या खेळ-कलेच्या फीसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम देते. आपल्याकडे केरळात ‘कुटुंबश्री’ या महिला बचतगट अभियानाच्या बालसभा स्थानिक संस्थांशी जोडलेल्या आहेत. यांतील जर्मनी आणि इंग्लंडच्या उदाहरणांवरून एक गोष्ट ठसते : इमारतीइतकीच नेमलेल्या माणसाची आणि जबाबदार कार्यालयाची गरज असते.

आखणी. उपनगरांत हे काम वॉर्डपासून सुरू करणे शक्य आहे. पहिली पायरी नोंदीची : आठवी उत्तीर्ण होऊन नववीत न पोहोचलेली मुले शाळांच्या पटावरून शोधता येतात, त्यांची घरे आरोग्यसेविकांना ठाऊक असतात. दुसरी वेळेची : वॉर्डातील प्रत्येक मैदान, सभागृह व तरणतलावात किशोरवयीनांचे, त्यांतही मुलींचे ठरलेले तास फलकावर लिहिणे. तिसरी माणसाची : नियोजन खात्यातील समाज विकास अधिकारी व समुदाय संघटक यांच्या जोडीला केवळ या वयासाठी कार्यकर्ता नेमणे. तो १८ वर्षांखालील मुलांशी बोलणार असल्याने २०१२ च्या पॉक्सो कायद्याने घातलेली, लैंगिक अत्याचाराची माहिती कळवण्याची जबाबदारी त्याला नीट शिकवलेली असावी. चौथी पैशाची : महिला व बालकल्याणाचा निधी, जिल्हा नियोजनातील व्यायामशाळा व क्रीडांगण विकासाची अनुदाने आणि शिक्षण खात्याची तरतूद एका वॉर्ड आराखड्यात मांडणे. पाचवी पायरी मुलांचे ऐकण्याची. वस्तीचा नकाशा मुलींच्या हाती दिला की कोणत्या गल्लीत दिवा नाही, कोणत्या नाक्यावरून त्या वळसा घालून जातात हे त्या खुणा करून दाखवतात. असा नकाशा प्रत्येक आराखड्यासोबत असावा.

मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर महापालिका काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली आणि प्रभाग पातळीवर लोकप्रतिनिधींना जाब विचारण्याची वाट अरुंद झाली. तरीही या सेवांपैकी बहुतेकींसाठी नवा कायदा लागत नाही, जमीनही फारशी लागत नाही. लागतो तो वॉर्ड ऑफिसात या वयाची जबाबदारी आपली मानणारा एक अधिकारी, अर्थसंकल्पात या वयाच्या नावाचे एक शीर्ष आणि संध्याकाळी उघडे राहणारे दार. या तीन गोष्टी मागणे हा उपनगरातील प्रत्येक पालकाचा आणि नागरिकाचा हक्क आहे. तो प्रत्येकाने आपल्या वॉर्डात बजावावा.