‘पुस्तकच भारी होतं!’ सिनेमा पाहून वाचक का चिडतात?

‘हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर’ या पुस्तकात अग्निचषकातून हॅरीचं नाव बाहेर पडतं. चिठ्ठी तूच टाकलीस का, असं डम्बलडोर त्याला शांतपणे विचारतात. २००५ च्या सिनेमात मात्र तेच डम्बलडोर धावत येतात, हॅरीला धरून गदागदा हलवतात आणि ओरडून तोच प्रश्न विचारतात. या एका ‘शांतपणे’वर आजही मीम्स फिरतात.

एवढ्याशा बदलाचा इतका राग का? आणि असा प्रत्येक राग सारखाच असतो का? हे समजून घ्यायला एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे पुरेसे आहेत.

दिग्दर्शक एक, तक्रारी दोन

ख्रिस कोलंबस यांनी २००१ मध्ये हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा केला. तो पुस्तकाला इतका धरून होता, की काही समीक्षकांनी ‘दिग्दर्शकाने स्वतःचं काही केलंच नाही’ अशी तक्रार केली. पीव्ह्ज नावाचं खोडकर भूत त्यात नव्हतं. त्याचे प्रसंग चित्रित होऊनही कापले गेले. तरीही वाचकांनी सिनेमा डोक्यावर घेतला.

याच कोलंबस यांनी २०१० मध्ये रिक रायर्डन यांच्या कादंबरीवर ‘पर्सी जॅक्सन’चा पहिला सिनेमा आणला. ग्रीक देवाचा मुलगा असलेला पर्सी आजच्या अमेरिकेत वाढतो, अशी ही गोष्ट. इथे तक्रार बरोबर उलटी आली: ‘ही आमची गोष्टच नाही!’

वय बदललं आणि गोष्ट अडली

पुस्तकातला पर्सी १२ वर्षांचा आहे. सिनेमात तो हायस्कूलमधला तरुण झाला. वरवर पाहता यात काय बिघडलं? पण पाच पुस्तकांची ही मालिका एका भविष्यवाणीवर उभी आहे. पर्सी १६ वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या एका निर्णयावर जगाचं भवितव्य ठरणार असतं. नायक सुरुवातीलाच त्या वयाच्या आसपास असेल, तर पुढची वाट पाहण्यात मजा काय राहिली? शिवाय मालिकेचा मुख्य खलनायक क्रोनोसही पहिल्या सिनेमातून गायब होता.

२०१३ च्या दुसऱ्या सिनेमात डागडुजी झाली. ॲनाबेथचे केस पुस्तकातल्यासारखे सोनेरी झाले. भविष्यवाणीही आली, पण त्यात १६ चं वय २० करावं लागलं. तिसरा सिनेमा निघालाच नाही.

पहिला सिनेमा येण्याआधीच रायर्डन यांनी निर्मात्यांना पत्रं लिहून हे धोके सांगितले होते. ती पत्रं त्यांनी २०१८ मध्ये स्वतःच जाहीर केली. नायकाचं वय वाढवलं तर पुस्तकाचे लहान वाचक दुरावतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग सिनेमाने काही बदलायचंच नाही?

तसंही नाही. ‘गॉब्लेट ऑफ फायर’ हे पुस्तक सहाशेहून जास्त पानांचं आहे आणि सिनेमा सुमारे अडीच तासांचा. काटछाट अटळच. शिवाय पुस्तकात मनातले विचार थेट लिहिता येतात, पडद्यावर ते दाखवावे लागतात.

२००४ च्या ‘प्रिझनर ऑफ अझ्काबान’मध्ये अल्फोन्सो क्वारोन यांनी हॅरीच्या जगाचा रंग, पोशाख, वातावरण सगळंच बदललं. जादूचा नकाशा हॅरीच्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी बनवला होता, हेही सिनेमात सांगितलं नाही. वाचकांना ते खटकलं, अजूनही खटकतं. आठ सिनेमांत याची कमाई सर्वांत कमी झाली. तरीही अनेक समीक्षक यालाच मालिकेतला सर्वोत्तम सिनेमा मानतात. मुलं मोठी होत असताना वाटणारी भीती आणि एकटेपण, हा पुस्तकाचा गाभा त्यात शाबूत होता.

लहानपणीचं पुस्तक वेगळंच असतं

दहाव्या वर्षी वाचलेल्या पुस्तकातले चेहरे, आवाज, खोल्या आपणच मनात रचलेल्या असतात. सिनेमा त्या जागी एकच चेहरा आणून बसवतो. आपलं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे.

पण याच भावनेची एक वाईट बाजूही आहे. पर्सी जॅक्सनवर नवी वेब मालिका बनत असताना २०२२ मध्ये ॲनाबेथच्या भूमिकेसाठी लीया जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली. ती तेव्हा १२ वर्षांची होती. ‘पुस्तकात असं नाही’ म्हणत लोक तिच्यावर तुटून पडले. या वेळी रायर्डन निर्मात्यांच्या बाजूने उभे राहिले. हा वंशवाद आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आणि आक्षेप असेल तर मुलीला नव्हे, मला बोला, असं बजावलं. वयाच्या बदलावर अडून बसलेल्या लेखकाला वर्णाचा बदल चालला, कारण ॲनाबेथची हुशारी आणि हिंमत त्याने कमी होत नव्हती. मालिका डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि तिला पुढचा सीझनही मिळाला.

तुम्ही पोस्ट टाकण्याआधी

हॅरी पॉटरची सगळी पुस्तकं आता नव्याने वेब मालिकेत येणार आहेत. म्हणजे हे वाद पुन्हा रंगणार. तेव्हा स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा: या बदलामुळे गोष्टीचा कणा मोडतोय, की फक्त माझ्या मनातलं चित्र? पहिलं असेल तर जरूर लिहा, तीच खरी समीक्षा. दुसरं असेल तरी हळहळायला हरकत नाही. फक्त त्याचा राग पडद्यावरच्या लहान मुलांवर काढू नका. आणि जे लिहाल ते, डम्बलडोरसारखं... पुस्तकातल्या डम्बलडोरसारखं, शांतपणे.