नगरच्या माळावरचे दोन पक्षी : माळढोक आणि मोर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेस, कर्जत-श्रीगोंद्याच्या पर्जन्यछायेतील माळावर, म्हणजे पातळ मुरमाड मातीच्या आणि कुसळी गवताच्या उघड्या पठारावर, माळढोक आणि मोर हे दोन्ही मोठे पक्षी पूर्वापार वावरत आले. मात्र जमिनीवर चरणे आणि नराने मादीपुढे फुलून नाचणे एवढे साम्य सोडले, तर त्यांचे नाते फार दूरचे आहे, कारण मोर तित्तिर-कोंबड्यांच्या गणातला, तर माळढोकाच्या कुळाचा गणच स्वतंत्र आहे.

माळढोकाच्या संहाराची नोंद जुनी आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड या एकट्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात तेव्हाच्या अहमदनगर परिसरात ९६१ माळढोक मारले. आज साऱ्या जगात मुक्त माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, हे ध्यानात घेतले की या माळांनी एके काळी केवढे पक्षिधन पोसले होते ते उमगते आणि मन विषण्ण होते. मोराला कार्तिकेयाचे वाहन म्हणून श्रद्धेचे कवच लाभले; माळढोकाला कोणत्याही देवाचा आसरा मिळाला नाही.

तरीही खरा फरक जमिनीने घडवला. माळढोकाची मादी उघड्या भुईवर बहुधा एकच अंडे घालते, त्यामुळे माळ नांगरला गेला की तिची वीणच खुंटते. लांडोर झुडपाच्या आडोशाला चार-सहा अंडी घालते आणि मोर रात्री झाडावर बसतो. कुकडी नदीच्या कालव्यांनी पाणी व ऊस आणला, तेव्हा मोराला आडोसा व दाणापाणी मिळाले आणि माळढोकाचे गवत गेले. सरकारदप्तरी 'पडीक' ठरलेल्या माळांवर वनीकरणाची झाडे लावली गेली, हा तर सद्हेतूने केलेला घात होता. पुढे विजेच्या तारा आल्या; डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने या जड पक्ष्याला समोरची तार वेळेत दिसत नाही.

राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, असा पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा आग्रह होता. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत, घेतले. तरीही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या वर्गवारीत मोर आज 'किमान चिंते'चा आहे, तर माळढोक २०११ पासून 'अतिसंकटग्रस्त' आहे. सोलापूर-नगरमध्ये १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याने सुमारे ८,४९६ चौ. किमी क्षेत्र व्यापले, त्यात वस्त्या आणि खाजगी शेतीही आली, व्यवहारांवरील निर्बंधांमुळे शेतकरी दुखावला आणि कालांतराने हे क्षेत्र बाराशे चौ. किमीच्या आसपास आणावे लागले. कर्जतजवळ रेहेकुरीचे २.१७ चौ. किमीचे अभयारण्य काळवीट सांभाळून आहे. पण दूरदूर भटकणाऱ्या माळढोकाला तेवढे कुरण पुरत नाही.