पहाटेची जकात

बैलाला थंडी मानवते, इंजिनाला ती सोसत नाही. जुन्नर-आंबेगावच्या रस्त्यांवर दोन हजार वर्षांत काय काय वाहिलं, त्याची यादी लांबलचक होईल. पण त्यातला हिवाळ्याचा भाग या एका वाक्यात आला.

नाणेघाटापासूनच सुरुवात करावी लागते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या खिंडीतून वर जुन्नरच्या बाजारपेठेत यायचा. खिंडीतल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकांचा अभ्यास करणारे आजही या आकड्यांपाशी थांबतात. खिंडीच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. येणारा-जाणारा व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचा, असं सांगतात.

ही वाहतूक बारमाही नव्हती. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट धावत असताना लादलेलं जनावर तिथे कोण घालणार? दसरा उलटला, वाटा सुकल्या, की तांडे हलायचे. खालून मीठ वर, वरून धान्य खाली. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात सह्याद्रीतल्या घाटवाटा एकेक करून नोंदल्या आहेत, आणि लादलेला बैल कुठून जातो, कुठून फक्त माणूस, हेही त्यात आहे. म्हणजे इथला व्यापाराचा हंगाम सुरू व्हायचा तोच थंडीच्या तोंडावर, आणि ते सोयीचंही होतं. बैलाने खाल्लेल्या वैरणीतला मोठा वाटा उष्णता होऊन अंगाबाहेर पडतो. ओझं घेऊन चढ चढणाऱ्या जनावराची खरी अडचण असते ती ही उष्णता टाकायची कुठे, ही. गार हवेत ती सुटते. मुक्कामाला पाठीवर झूल आणि पुढ्यात कडब्याची एखादी पेंढी जास्त, एवढाच थंडीचा खर्च.

मोटार आली आणि हिशोब उलटा झाला.

बैल नको असलेली उष्णता बाहेर टाकतो. इंजिनाला सकाळी तीच उष्णता हवी असते आणि ती नसते. रात्रभर गारठलेलं लोखंड, मधासारखं घट्ट झालेलं ऑइल, नीट वाफ न होणारं पेट्रोल. इंजिन तापेपर्यंत त्याला जास्तीचं इंधन पाजावं लागतं. ही थंडीची जकात. गाडी पुढे कितीही किलोमीटर जावो, ती नाक्यावरच, निघतानाच भरायची.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा ही जकात लोकांना डोळ्यांनी दिसली. देशभर प्रवासी मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या टाक्या बसल्या. भट्टीत कोळसा घालायचा, पलिता लावायचा, हाताने पंखा फिरवत गॅस चांगला जळू लागेपर्यंत वाट पाहायची. पुष्कळ गाड्या आधी थोड्या पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर घेत. चढ आला की जोर कमी पडे आणि उतारूंना उतरावं लागे. दोन प्रकारच्या ताकदीवर चालणारी गाडी म्हणजे हायब्रिड, अशी सैल व्याख्या केली तर ही आपल्याकडची जुनी हायब्रिडच. तिने पेट्रोल वाचवलं. वेळ, घाम आणि काजळी मात्र भरपूर घेतली.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे एसटी घाटमाथ्याच्या गावांपर्यंत पोचली आणि तिच्याबरोबर ‘मुक्कामी गाडी’ हा शब्दही. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन आलेली गाडी गावातच राहायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे, आणि तांबडं फुटायच्या आत बाजाराची, शाळा-कॉलेजची, कोर्टकचेरीची माणसं घेऊन ती परत निघायची. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं, आणि थंड धातू नेमकी तीच उष्णता पिऊन टाकतो. त्यामुळे पहाटेचा चालकाचा क्रम ठरलेला: आधी गाडी चालू करायची, मग तोंड धुवायचं. बॅटरीचा भरवसा नसेल तर रात्रीच उतार बघून गाडी लावायची. वडापच्या जीपमध्ये ‘हीटर मारून’ वायर लाल होईपर्यंत थांबायचं. पेट्रोलवाल्यांचे उपाय वेगळे. मोटारीचा चोक ओढायचा, आणि आकुर्डीत बनलेली स्कूटर एका कुशीवर आडवी करून मग किक मारायची. हा शेवटचा विधी ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो खरा वाटणार नाही.

या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती. त्या उधळ्या होत्या. इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून वाया जायचा, पण त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच इंजिन एकदा तापलं की तापलेलं राहायचं.

हायब्रिडने हाच उधळेपणा बंद केला. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली. सिग्नलला इंजिन बंद, हळू चालताना विजेवर, ब्रेक दाबला की वाया जाणारी ऊर्जा परत बॅटरीत. भारतात प्रियस २०१० मध्ये आली, पण तिची किंमत पाहून लोक तिच्याकडे लांबूनच बघत राहिले. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या, तेव्हा लिटरला सव्वीस-सत्तावीस किलोमीटरचे आकडे पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गप्पांत ऐकू येऊ लागले.

आणि मग डिसेंबरात तक्रार सुरू होते: ॲव्हरेज पडलं.

गाडी बिघडलेली नसते. ती काटकसरी आहे, म्हणूनच तिला थंडी जास्त लागते. इंजिन बंद ठेवण्यात हायब्रिडची सगळी बचत. पण थंडीत कूलंट आणि धुराड्यातला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत ती इंजिन बंद करत नाही. आत हीटर लावला तर गरम पाणी लागतं, म्हणजे पुन्हा इंजिन चालू. गारठलेली बॅटरी वीज घ्यायला आणि द्यायला आळस करते, म्हणून ब्रेकमधून परत मिळणारी कमाईही घटते. टोयोटाच्या अभियंत्यांना हे पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये त्यांनी चक्क थर्मास बसवला होता. आदल्या दिवशीचं गरम कूलंट त्यात साठवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाला पाजायचं. शेतावर चहा घेऊन जाणाऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

अमेरिकी सरकारचे आकडे आहेत. उणे सात अंशांत, शहरातल्या तीन-चार मैलांच्या फेरीत, साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पंचवीस अंशांच्या तुलनेत २४ टक्क्यांपर्यंत पडू शकतं. हायब्रिडचं ३० ते ३४ टक्के. हे आकडे जसेच्या तसे जुन्नरला लावणं मात्र चूक. उणे सात अंश इथे कुणी पाहिलेले नाहीत. पुण्याच्या वेधशाळेतला नीचांकसुद्धा १७ जानेवारी १९३५ चा, १.७ अंशांचा. तरी कुकडी-मीना-घोडच्या खोऱ्यांची थंडी कमी लेखू नये. निरभ्र रात्री डोंगरांवरची गार, जड हवा उतरून खोऱ्यांच्या तळाशी साचते आणि पहाटे पारा दहाच्या खाली जातो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या याच वेळी. उलट, जाहिरातीतलं ॲव्हरेज ज्या चाचणीतून येतं ती प्रयोगशाळेत होते, आणि चाचणीच्या खोलीचं तापमान २० ते ३० अंशांत ठेवलेलं असतं. पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेतली ती खोली आणि ओतूरची पौषातली पहाट यांच्यात साठ-सत्तर मैलांचं नाही, वीस अंशांचं अंतर आहे.

आणखी दोन गळत्या आहेत, त्या हायब्रिडच्या एकटीच्या नाहीत. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. दुपारी तीस अंशांत भरलेली हवा पहाटे आठ अंशांत चार पीएसआयने खाली असते. शिवाय तितकी गार हवा सुमारे आठ टक्के जड असते, आणि महामार्गाच्या वेगात ती कापत जावं लागतं.

मुख्य जकात मात्र निघतानाचीच, आणि ती कुणाला किती जड जाते ते अंतरावर ठरतं. समजा, एक गाडी तापलेली असताना लिटरला २५ किलोमीटर देते आणि पहाटे तापण्यासाठी ८० मिलिलिटर जास्तीचं पेट्रोल खाते. गावातून चार किलोमीटरवरच्या डेअरीपर्यंत जाणाऱ्याला ती १६-१७ चं ॲव्हरेज दाखवेल. नारायणगावहून पुण्याला, पंचाहत्तर किलोमीटर जाणाऱ्याला २४ च्या वर. गाडी तीच, थंडी तीच. माळशेजमार्गे कल्याणला जाणाऱ्याची तर चैन. घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत इंजिन तापलेलं, उतारावर बॅटरी भरत जाते, आणि टोकावड्याला पोचल्यावर स्वेटर काढावा लागतो.

तेव्हा मंचर किंवा जुन्नरमध्ये दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याने हायब्रिड घेताना कंपनीचा आकडा पौष-माघात विसरावा. रोज चाकण-पुणे करणाऱ्याने मात्र खुशाल घ्यावी. टायरची हवा तेवढी सकाळी, गाडी थंड असतानाच बघावी.